महोत्सव आणि पापाचा कर्जरोखा

(नाशिक रोड येथे धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त झालेल्या आध्यात्मिक साधनेच्या समारोपप्रसंगी दिलेले व्याख्यान)



महोत्सव म्हटला म्हणजे मंडप, पताका, बँड आणि गोडधोड ही प्रथम डोळ्यांपुढे येतात, आणि त्यात वावगे असे काही नाही. परंतु ज्या शास्त्रभागावरून ख्रिस्तसभेने महोत्सवाची चाल घेतली, त्यात मंडपाचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो रणशिंगाचा. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने मोशेला आज्ञा केली की, पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. त्या वर्षी दास मोकळे व्हावेत, आणि गेलेली जमीन ज्याच्या त्याच्या कुळास परत मिळावी. हे सर्व आपण ऐकलेले आहे. परंतु ते रणशिंग कोणत्या दिवशी फुंकावयाचे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते प्रायश्चित्ताच्या दिवशी फुंकावयाचे होते. ज्या दिवशी सारे इस्राएल लोक आपली पापे आठवून उपवास करीत, त्याच दिवशी. तात्पर्य, अनुतापाच्या उंबरठ्यावरून गेल्यावाचून महोत्सवात प्रवेश नाही. पोप आठवे बोनिफास यांनी १३०० साली रोम येथे पहिले महोत्सव वर्ष जाहीर केले, तेव्हापासून २०२५ च्या महोत्सव वर्षापर्यंत ख्रिस्तसभेने हाच क्रम राखला आहे. म्हणून या आनंदाच्या दिवसांत पापाविषयी बोलण्यास आम्ही उभे राहिलो, तर तो रसभंग समजू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.

शास्त्रात पापाला ऋणाची उपमा वारंवार दिलेली आहे. ऋण म्हणजे काय हे दख्खनच्या माणसास शिकवावे लागत नाही. आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांचे मूळ अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्यात आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यात १८७५ साली काय घडले, ते पाहा. १२ मे रोजी सुपे येथील बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि ते लोण गावोगाव पसरले. त्यांना मुख्यतः काय हवे होते? ना जीव, ना धन. त्यांना हवे होते ते कागद. जेथे खते, रोखे आणि हुकूमनामे निमूटपणे हाती आले, तेथे बहुधा इतर उपद्रव झाला नाही. कागदांची होळी झाली की लोक पांगले. पुढे सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा केला. त्या बिचाऱ्यांची समजूत एवढीच होती की, कागद जळला म्हणजे ऋण जळले. परंतु दुसऱ्याच्या कपाटातून हिसकावून आणलेला रोखा जाळल्याने मन निर्धास्त होते काय?

संत पौल कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात अशाच एका कागदाविषयी सांगतो. आपल्याविरुद्ध उभा असलेला ऋणलेख देवाने पुसून टाकला आणि तो क्रुसावर खिळला, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. येथे ऋणकोने बंड केलेले नाही. ज्याचे येणे होते त्यानेच स्वतःच्या पुत्राच्या रक्ताने ते फेडले आणि रोखा आपल्या हाताने रद्द केला. मात्र हा रोखा आपल्या नावाचा आहे, त्यावरील अंगठा आपला आहे, एवढे कबूल करण्याचे आपल्याकडे राहते. आणि तेवढेच आपल्या जिवावर येते.

या आपल्या नाशिक रोडकडेच पाहा. सिंहस्थ आला म्हणजे लाखो यात्रेकरू याच स्थानकावर उतरून रामकुंडाची वाट धरतात. २००३ व २०१५ साली आपण ते प्रत्यक्ष पाहिले. त्यांची श्रद्धा आपली नसली तरी त्यांना हसण्याचा अधिकार आपणास नाही. आपले पाप धुतले जावे, यासाठी शेकडो कोस उपाशीपोटी येणाऱ्या म्हातारीची तहान खरी आहे. आणि आपण? पापनिवेदनाची जागा आपल्या घरापासून चार पावलांवर, तरी वर्षानुवर्षे आपली पावले तिकडे वळत नाहीत. त्या म्हातारीने न्यायाच्या दिवशी आपणास विचारले, तर उत्तर काय द्यावे?

आपल्या गावात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात. त्या कामावरून निवृत्त झालेले कित्येकजण या सभेत असतील. त्यांना विचारा, नोटेतील जलचिन्ह ती उजेडासमोर धरल्यावाचून नीट दिसत नाही. मेजावर पडलेली खरी नोट आणि खोटी नोट सामान्य माणसास सारखीच. विवेकबुद्धीची तपासणी म्हणजे आपले आयुष्य ख्रिस्ताच्या प्रकाशासमोर धरून पाहणे. शेजाऱ्याच्या दिव्यासमोर धरले तर आपण नेहमीच बरे दिसतो.

आणि आपल्या गावात मध्यवर्ती कारागृहही आहे. त्या भिंतीवरून जाताना ‘आपण बाहेर आहोत’ असे समाधान मनास नकळत होते. परंतु कायदा पकडतो ते थोडे, आणि देव जाणतो ते सर्व. १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते देशासाठी बंदिवान झालेले होते. कोणाचा त्यांनी अपराध केला नव्हता. तरी त्या पुस्तकात त्यांनी लहानपणीचे आपले दोष झाकले नाहीत. निरपराध माणूस तुरुंगात बसून आपले दोष सांगतो आणि आपण अपराधी मोकळे हिंडून ते लपवितो, हा विचार करण्याजोगा विरोध आहे.

दावीद राजाचीही हीच गत झाली. उरीयाची बायको त्याने नेली, उरीयास रणात मारविले, आणि तो निश्चिंत राहिला. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हा तो त्या काल्पनिक श्रीमंतावर संतापला; आणि तो श्रीमंत म्हणजे तूच, असे नाथानाने सांगितले तेव्हाच त्याचे डोळे उघडले. दुसऱ्याच्या पापावर संतापणे हे आपले पाप विसरण्याचे सर्वांत सोपे साधन होय.

बंधुभगिनींनो, दुसऱ्यास उपदेश करून स्वतः कोरडे राहणे शोभणार नाही. आम्ही धर्मगुरू नव्हे, आपल्यापैकीच एक प्रापंचिक आहोत. सबब आमचे एक पाप आपणांपुढे ठेवतो. जिचा त्यात संबंध आहे, तिची अनुज्ञा आम्ही घेतली आहे. आमच्या मातोश्रींनी शेवटच्या दुखण्यात आपल्या पाटल्यांचा जोड आमच्या हवाली केला आणि तो धाकट्या बहिणीस देण्यास सांगितले. मातोश्री गेल्या. घरात ओढ होती. आम्ही पाटल्या मोडल्या, आणि बहिणीस सांगितले की, त्या आईच्या औषधपाण्यात गेल्या. पुढे नऊ वर्षे आम्ही दर पास्काच्या सणापूर्वी पापनिवेदनास जात होतो. ‘लोभ केला, खोटे बोललो’ एवढे म्हणत होतो आणि पाटल्या तेवढ्या शब्दांखाली झाकून परत येत होतो. ख्रिस्तप्रसाद घेताना जीभ जड होई. तिकडे दुर्लक्ष करण्याची सवयही हळूहळू झाली, आणि आज मागे पाहता तीच सवय आम्हास सर्वांत भयंकर वाटते.

दहाव्या वर्षी, कोणत्या कृपेने कोण जाणे, आम्ही सर्व सांगितले. धर्मगुरूंनी रागे भरले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या?” आम्ही म्हणालो, “चार.” ते म्हणाले, “देवाची क्षमा फुकट आहे. ती आज घेऊन जा. सोने मात्र बहिणीचे आहे. पैशाच्या हिशेबाने नव्हे, वजनाच्या हिशेबाने परत करण्याचा निश्चय आहे काय?” सोन्याचा भाव तोवर पुष्कळ चढला होता. आम्ही होय म्हटले, आणि पापमोचनाचे शब्द ऐकले.

बहिणीकडे जाण्यास त्यानंतरही तीन आठवडे लागले. देवापुढे गुडघे टेकणे सोपे, धाकट्या बहिणीपुढे मान खाली घालणे कठीण. सर्व ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दादा, आईचे औषध सरकारी दवाखान्यातून फुकट येत होते. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तू केव्हा सांगशील, एवढीच वाट पाहत होते.” चार तोळे पुरे करण्यास आम्हास तीन वर्षे लागली. परंतु त्या दिवशी तिने पुढे केलेला चहाचा पेला आम्ही नऊ वर्षांत प्रथमच मोकळ्या मनाने घेतला.

यावरून आम्हास या संस्काराची रीत नव्याने उमगली. १५५१ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने पश्चात्तापी माणसाकडून तीन गोष्टी मागितल्या: अनुताप, पापनिवेदन आणि प्रायश्चित्त. निदान वर्षातून एकदा पापनिवेदन करावे, हा नियम तर १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनचा आहे. या पायऱ्या कोणी उगाच बांधलेल्या नाहीत. अनुताप नसेल तर निवेदन ही नुसती यादी होते. निवेदन नसेल तर अनुताप मनातल्या मनात सडतो. आणि भरपाई नसेल तर ज्याचे बुडविले तो तसाच उपाशी राहतो. जक्कयाने प्रभूला घरी जेवू घातले तेवढ्यावर तो थांबला नाही. अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे त्याने सर्वांदेखत कबूल केले. लाज वाटत असेल, तर धर्मगुरूंच्या ओठांवरील मुद्रा आठवावी. प्राण गेला तरी तेथील एक अक्षर बाहेर फुटावयाचे नाही, असे त्यांना बंधन आहे.

कोणी म्हणेल, “तुमच्या पाटल्यांचे ठीक आहे; आमचे पाप त्याहून मोठे आहे.” त्यांच्यासाठी एक अलीकडची हकीकत सांगतो. आपल्या नाशिकवरून जाणारा आग्रा रस्ता पुढे इंदूरला पोहोचतो. त्या भागात गोरगरिबांना हक्कांची जाणीव करून देणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रवासात बसमधून ओढून भोसकून ठार मारण्यात आले. मारणारा समंदर सिंग यास जन्मठेप झाली. सिस्टरांची सख्खी बहीण, स्वतः धर्मभगिनी असलेल्या सिस्टर सेल्मी पॉल, २००२ साली तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्या हातास राखी बांधली. २००६ साली तो सुटला, आणि पुढे केरळात जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी राणी मारिया यांना इंदूर येथे धन्य घोषित करण्यात आले. ज्या हाताने रक्त सांडले त्यावर राखी बांधणारी बहीण या भूमीवर होऊन गेली, हे कळल्यावर आमचे पाप क्षमेच्या पलीकडचे, असे म्हणण्यास कोणास तोंड राहिले?

पेत्र आणि यहूदा, दोघांनीही प्रभूचा घात एकाच रात्री केला. दोघांनाही वाईट वाटले. यहूदाने तर पैसेही परत फेकले. भेद एवढाच की, यहूदा आपल्या पापासह एकटा निघून गेला आणि पेत्र रडत का होईना, भावंडांत परतून आला. म्हणून पापाने खचलेल्या माणसास आमचे एवढेच सांगणे की, एकट्याने निघून जाऊ नकोस.

उद्या महोत्सवाची मिस्सा आहे. आज सायंकाळी पापनिवेदनासाठी धर्मगुरू बसणार आहेत. मंडपाची कनात बांधून झाली, पताका लागल्या. आता प्रत्येकाने आपापल्या कपाटाच्या तळाशी दडवलेला तो जुना रोखा बाहेर काढावा. त्यावर कोणाच्या पाटल्या असतील, कोणाच्या भावाचा बांध असेल, कोणा सुनेचे अश्रू असतील. तो क्रुसापाशी नेऊन ठेवावा, आणि ज्याचे देणे असेल त्याच्या दारी जावे. मग उद्याची घंटा वाजेल, तेव्हा ती आपणास रणशिंगासारखी ऐकू येईल.

दयाघन पिता आपल्या पुत्राच्या पवित्र रक्ताने आपणां सर्वांस शुद्ध करो, आणि पापी जनांचा आसरा अशी पवित्र मरिया माता आपला हात धरून आपणास घरी आणो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो. आमेन.