तिला कोणी विचारले का?

(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. घरात घडलेली एक लहानशी गोष्ट सांगते.

गेल्या श्रावणात मी नातीला आवडती-नावडतीची कहाणी सांगत होते. राजाने टाकून दिलेली राणी व्रत करते, राजाला पश्चात्ताप होतो आणि तो तिला मानाने परत नेतो. नात म्हणाली, "आजी, पण तिला जायचे होते का?" पन्नास वर्षे ही कहाणी सांगते आहे, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. लेक शेजारी भाजी निवडीत होती. तिने मान वर केली नाही.

पुढे एका रविवारी आम्ही तिघींनी मिळून 'पहेली' हा चित्रपट पाहिला. आपल्या अमोल पालेकरांनी तो २००५ साली काढला. पटकथा संध्या गोखले यांची. मूळ कथा राजस्थानची. बोरुंदा गावी राहून विजयदान देथा यांनी ऐकीव लोककथा नव्याने लिहिल्या, त्यांतली ही 'दुविधा'. मणि कौल यांनीही तिच्यावर १९७३ साली चित्रपट केला होता.

व्यापाऱ्याचा मुलगा लग्न होताच पाच वर्षांसाठी परगावी निघून जातो. नवरीवर भाळलेले एक भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. मात्र ते तिला फसवीत नाही. खरे काय ते सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. त्या घरात तिला प्रथम विचारले ते भुताने! मूळ कथेत पुढे एक धनगर भुताला पखालीत कोंडतो आणि नवरी मुकाट्याने नवऱ्याच्या घरी उरते. पालेकरांच्या चित्रपटात भूत सुटते आणि नवऱ्याच्याच देहात शिरते. सगळे गोड होते.

डोळे मीही पुसले. पण मनात आले, पाच वर्षे कष्ट करून आलेल्या त्या नवऱ्याचे काय झाले? आणि आपल्या घरांत अशी जादू कुठून यायची? शेवट गोड केला म्हणून प्रश्न सुटत नाही.

जुन्या गोष्टींना हात लावू नये, असे काहीजणी म्हणतील. पण हिमगौरीची गोष्ट पाहा. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात तिच्या जिवावर उठणारी राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. १९३७ साली डिस्नेने तीच सावत्र आई पडद्यावर आणली आणि आपण तिलाच मूळची मानून बसलो. अँडरसनच्या हिमराणीवरून सुचलेल्या 'फ्रोझन' या २०१३ च्या चित्रपटात तर बहिणीची माया बर्फ वितळवते. गोष्ट सांगणारा ती बदलतोच. बदलताना दागिने तेवढे नवे घडवले, की गप्प बसलेलीला बोलते केले, एवढेच पाहावे.

सतराव्या वर्षी मी आर्वीकडच्या खेड्यातून लग्न होऊन वर्ध्याला आले. बैठकीत मानपान ठरला, वऱ्हाडाचा आकडा ठरला. मी दाराआड होते. घर चांगले मिळाले, तक्रार नाही. पण ज्या दाराआड मी उभी होते, त्याच दाराआड पुढे मी माझ्या लेकीला उभे केले. स्थळ चांगले होते, म्हणून तिला विचारायचे राहून गेले. हे आज तुमच्यापुढे कबूल करते.

आता मी कहाणी सांगताना एके ठिकाणी थांबते. राजा दारात येतो, तिथे नातीला विचारते, "राणी काय म्हणाली?" कधी राणी जाते, कधी राजाला उन्हात ताटकळत ठेवते. परवा मात्र उत्तर माझ्या लेकीने दिले. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आधी विचारा तर खरे, मग सांगते."

भगिनींनो, मुलांना चित्रपट दाखवा, कहाण्याही सांगा. फक्त त्या दारापाशी क्षणभर थांबा.