चकवा आणि न्याय

पडद्यावरील यांत्रिक खेळांत टप्प्याटप्प्याच्या अखेरीस एक बलाढ्य प्रतिस्पर्धी वाट अडवून उभा असतो. खेळणारी मंडळी त्यास 'बॉस' म्हणतात. त्याच्याशीं होणारें द्वंद्व रचणें ही खेळकर्त्याच्या कौशल्याची खरी कसोटी होय. प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक हालचाल आधींच कळली तर झुंजींत राम उरत नाहीं. कांहींच कळेनासें झालें तर झुंजीचा जुगार होतो.

हा तोल साधल्याचें एक जुनें व उत्तम उदाहरण जपानांत सांपडतें. निन्टेन्डो कंपनीनें १९८७ सालीं 'पंच-आउट' हा मुष्टियुद्धाचा खेळ घरगुती यंत्रासाठीं काढला. त्यांतील 'ग्रेट टायगर' नांवाचा मल्ल चक्क मुंबईचा दाखविला आहे! त्याच्या फेट्यांत एक रत्न असून ठोसा मारण्यापूर्वीं तें लकाकतें. डोळ्यांनीं पाहून हात हलविण्यास मनुष्यास साधारण पाव सेकंद लागतो. तेव्हां खूण व आघात यांत तेवढा अवकाश ठेवावाच लागतो. पुढें हाच मल्ल जादूगारासारखा क्षणांत येथें, क्षणांत तेथें प्रकट होऊन लागोपाठ ठोसे लगावतो. नवखा खेळाडू गांगरतो. परंतु ज्यानें धीर न सोडतां ते सारे ठोसे अडविले, त्याच्यापुढें हा मल्ल भोंवळ येऊन डुलूं लागतो. मग एकच ठोसा पुरे होतो.

खेळाडू मुरत गेले, तसा चकवाही सूक्ष्म होत गेला. २०२२ सालच्या 'एल्डन रिंग' या जपानी खेळांतील मार्गिट नांवाचा योद्धा सोटा उगारतो आणि क्षणभर तसाच थांबतो. सोटा वर जातांच उडी घेण्याची संवय ज्यास जडली आहे, तो नेमका येथें फसतो. खूण खरीच असते. खेळाडूचा उतावीळपणा तेवढा उघडा पडतो. मात्र असे थांबे जागोजागीं योजले, तर खेळाडू पाहणें सोडून घोकंपट्टीकडे वळतो, असा कित्येक खेळाडूंचा आक्षेप आहे व तो निराधार नाहीं.

चांगल्या परीक्षकाचा प्रश्न अवघड असला तरी पाठाबाहेरचा नसतो. तोच नियम येथें लागू पडतो. हरलेल्याच्या मुखीं 'अन्याय झाला' याऐवजीं 'आतां समजलें' हे शब्द आले, म्हणजे रचना साधली म्हणावें. आपल्या पराभवाचें कारण ज्यास दिसतें, तो पुन्हां उभा राहतो. ज्यास तें दिसत नाहीं, तो यंत्र बंद करून निघून जातो.