प्रबंध मुलांचा, साह्य वडीलधाऱ्यांचे
(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान कार्यकारी मंडळाने मजसारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकास दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. राज्यशास्त्राच्या ऑनर्स परीक्षेविषयी आणि तिच्या प्रबंधाविषयी मी बोलावे, हे कित्येकांस साहस वाटेल. ते साहस आहेच. परंतु ज्याने स्वतः प्रबंध लिहिला नाही, त्यानेच दुसऱ्याच्या प्रबंधात कशी ढवळाढवळ केली, हे सांगण्याचा अधिकार मला खचित आहे.

प्रथम नियम सांगतो, कारण अनेक पालकांस तो ठाऊक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षे व १२० श्रेयांक पूर्ण केल्यावर साधी पदवी मिळते. चौथे वर्ष करून १६० श्रेयांक मिळविल्यास ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास संशोधनासह ऑनर्स घेता येते. त्यास चौथ्या वर्षी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो. म्हणून हा विचार तिसरे वर्ष संपल्यावर नव्हे, पहिल्या वर्षापासूनच करावा. आपल्या महाविद्यालयात ही सोय आहे काय, मार्गदर्शक कोण असतील, याची चौकशी वेळीच करावी.

विषय निवडताना आमची मुले बहुधा फार मोठा घास घेतात. ‘महाराष्ट्राचे राजकारण’ हा विषय नव्हे, तो समुद्र आहे. ज्याचे उत्तर एका वर्षात, आपल्या पायांनी हिंडून व आपल्या डोळ्यांनी वाचून शोधता येईल, असा एक प्रश्न म्हणजे विषय. साधने दुर्मीळ नाहीत. निवडणूक आयोगाचे अहवाल आहेत, विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत आहेत, ग्रामसभेची इतिवृत्ते आहेत. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्य माणसाच्या हाती किल्ली दिली आहे. मार्गदर्शकांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. दोन पाने का होईना, लिहून न्यावीत. कोऱ्या कागदावर गुरूने काय सुधारावे?

आता माझी गोष्ट. माझ्या धाकट्या बंधूंची नात एका स्वायत्त महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात आहे. पुढील वर्षीच्या प्रबंधासाठी तिने प्रश्न निवडला तो असा: आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या स्त्रिया सभेत प्रत्यक्ष बोलतात काय? प्रश्न रास्त होता. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांस एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. जागा मिळाल्या, पण आवाज मिळाला काय, हे पाहावयास नको काय?

सुट्टीत ती गावी आली. पंचायतीच्या कचेरीत बसून तिने तीन वर्षांची इतिवृत्ते वाचली. सरपंचबाईंची सही प्रत्येक पानावर होती. त्यांनी मांडलेली सूचना मात्र एकाही पानावर नव्हती. सभेत बोलत असत ते त्यांचे यजमान, असे गावकऱ्यांनी तिला सांगितले. बंधुभगिनींनो, ते घर आपल्याच ज्ञातीतील आहे.

त्या रात्री आमच्या ओसरीवर बैठक भरली. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असा सर्वांचा सूर होता. मीही त्यांतलाच. मी तिला म्हणालो, “बाळ, विषय बदल. मंडळाच्या कार्यावर लिही, सारी माहिती मी स्वतः देतो, हवा तर मजकूरही लिहून देतो.” ती शांतपणे म्हणाली, “आजोबा, उत्तर तुम्ही आधीच ठरविले आहे. मग मी शोधू काय?”

मी निरुत्तर झालो. छत्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या; दुसऱ्याचे पाहून लिहिणाऱ्यास बाकावर उभे केले. आणि म्हातारपणी मीच माझ्या नातीस उतरवून घ्यावयास सांगत होतो! दुकानातून विकत आणलेला प्रबंध, यंत्राकडून लिहवून घेतलेला प्रबंध आणि आजोबांनी मायेपोटी लिहून दिलेला प्रबंध, या तिघांत दोष एकच: त्यांत विद्यार्थी नसतो.

त्या वेळी मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनमधील प्रबंधाची आठवण झाली. रुपयाच्या प्रश्नावरील तो प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. त्यास प्रस्तावना लिहिली ती त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. आणि तीत त्यांनी शिष्याची अनेक मते आपणांस मान्य नाहीत, असे स्वच्छ लिहून त्याच्या विचारांतील ताजेपणाचा गौरव केला. ती पदवी फार मोठी, हे खरे; परंतु त्यातील धडा पदवीपूर्व प्रबंधासही लागू आहे. मार्गदर्शकाने पुरावा मागावा, तर्कातील भोक दाखवावे, संदर्भ तपासावेत. निष्कर्ष मात्र ज्याचा त्यास काढू द्यावा. परक्या देशातील गुरूस जे औदार्य दाखविता आले, ते आम्हा आप्तांस दाखविता येऊ नये काय?

तथापि विद्यार्थ्यांनीही मर्यादा ओळखावी. ज्यांच्या मुलाखती घ्याल, त्यांची संमती घ्या. नाव उघड न करण्याचे वचन दिले असेल तर ते पाळा. इतिवृत्तात सूचना नाही, एवढ्यावरून बाई बोलल्याच नाहीत असे ठरत नाही. लिहिणाऱ्याने ते लिहिले नसेल. म्हणून त्यांस स्वतःस विचारले पाहिजे. मी नातीस हे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सरपंचबाईंकडे गेलो. यजमान बाहेरगावी होते. बाई दीड तास बोलल्या. काय बोलल्या ते मी सांगणार नाही. ते त्यांनी माझ्या नातीस सांगितले आहे आणि मी त्या वेळी अंगणात बसलो होतो.

मंडळास माझी एकच विनंती आहे. शिष्यवृत्ती आपण देतोच. तिच्या जोडीस मंडळाची जुनी इतिवृत्ते, हिशेब व स्मरणिका अभ्यासू मुलांस खुल्या कराव्यात, आणि त्यांतून आपल्यास न रुचणारे काही निघाले तरी ते आपण वाचू, असे वचन द्यावे. आपल्या मुलांस खरे बोलण्यासाठी घराबाहेर जावे लागू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.