पाणी दाराशी येण्याआधी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मास्तर उभे राहिले म्हणजे अभ्यासावर बोलणार, अशी तुमची समजूत असेल. आज मी घर सोडण्याविषयी बोलणार आहे. आपण भोर-वेल्ह्याची माणसे. डोक्यावर सह्याद्रीचे कडे आणि उशाशी भाटघर, नीरा-देवघर, पानशेत ही धरणे. जो पाऊस आपल्याला भात देतो, तोच एखाद्या रात्री दारही ठोठावतो.

वेल्हे भागातले पानशेत धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले. काम पुरे झालेले नसताना धरण भरले आणि मातीचा भराव खचू लागला. आपल्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरून धरला. म्हणून धरण अंधारात न फुटता सकाळी फुटले आणि पुण्यातील हजारो माणसांना दिवसाउजेडी पळता आले. जवानांनी घामाने काही तास मिळवून दिले. परंतु पुष्कळ घरांना हे तास आपल्या हाती आहेत याची वेळीच वार्ता नव्हती.

आपल्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, 30 जुलै 2014 च्या सकाळी, माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. एस.टी.चा चालक गाडी घेऊन आला, तो गाव जागेवर नव्हते. ती खबर त्यानेच बाहेर पोहोचविली.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मी प्रशिक्षणासाठी पुण्यास गेलो होतो. घरी अम्मी, पत्नी व दोन लहान मुले. रात्री नदीचे पाणी चढू लागले. शेजारचे काका कंदील घेऊन आले, म्हणाले, "वहिनी, मुलांना घ्या, वरच्या आळीत चला." अम्मी म्हणाल्या, "उसको आने दो, फिर देखेंगे." मी येणार कसा? रस्ता बंद, फोन लागेना. अल्लाहची मेहेरबानी, पाणी शेवटच्या पायरीवरून फिरले. दोष अम्मीचा नव्हता. घरात शिकलेली पत्नी होती, वाट माहीत होती, वेळही होता; नव्हती ती फक्त परवानगी. आणि ती आधी देऊन ठेवायची मीच विसरलो होतो.

एप्रिल 1991 मध्ये बांगलादेशात चक्रीवादळ आले. सव्वा लाखाहून अधिक माणसे दगावली, त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक होत्या. इशारा ऐकूनही अनेकजणी घरच्या पुरुषाची वाट पाहत थांबल्या. आपल्याकडेही कर्ता पुरुष कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईला असतो. म्हणून पालकांनो, आज घरी गेल्यावर पहिले काम हे करा. सर्वांसमक्ष सांगा: "मी नसताना धोका दिसला, तर घरात जी मोठी बाई असेल तिने निघायचे. मला विचारायचे नाही. सामान गेले तरी कोणी बोल लावणार नाही."

दुसरे काम, जागा ठरवा. उंचावरचा एखादा नातेवाईक, शाळा किंवा मशीद. कुठे जमायचे ते पोरासोरांनाही पाठ हवे. वाट ओढ्याच्या कडेने नको. पुलावरून पाणी वाहत असेल, तर तो ओलांडायचा नाही. डोंगराखाली राहणाऱ्यांनी जमिनीला नवी भेग, कललेले झाड, अचानक गढूळ झालेला झरा, न लागणारे दार ही लक्षणे ओळखावीत. ती दिसताच अंधार पडण्यापूर्वी निघावे आणि तहसील कचेरीला कळवावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, तातडीच्या मदतीचा 112. निघताना विजेचे मेन स्विच व गॅस बंद करावा, गुरांची दावी सोडावीत.

तिसरे काम विद्यार्थी मित्रांनो, तुमचे. मृग लागण्यापूर्वी घरातील कागद एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा: शाळेचा दाखला, गुणपत्रिका, आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, सातबारा, आईवडिलांचा निकाहनामा. अब्बांची रोजची औषधे, टॉर्च, थोडे पैसे त्यातच ठेवा. पिशवी दाराजवळच्या खुंटीला असावी, माळ्यावरच्या ट्रंकेत नव्हे. दाखल्यावरचा जनरल रजिस्टर नंबर वहीत टिपून ठेवा. दाखला वाहून गेला, तरी त्या नंबरावरून शाळेला तुमची नोंद लगेच सापडते. भिजलेल्या दाखल्याचा लगदा ओंजळीत घेऊन रडणारा मुलगा मी पाहिला आहे. कॉलेजच्या प्रवेशाला चार दिवस उरले होते.

कोणी म्हणेल, "मास्तर, जे नशिबात असेल ते होणार." हजरत नूह तर पैगंबर होते. त्यांचा भरवसा आपल्यापेक्षा थोडा होता काय? तरीही त्यांनी कोरड्या जमिनीवर, लोक हसत असताना, फळीला फळी जोडून नौका बांधली. भरवसा अल्लाहवर होता आणि हात कामावर होते.

आमच्या घरी आता पिशवी खुंटीला आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पाऊस वाढला, तेव्हा अम्मींनी मला फोन केला नाही. सकाळी मावशीच्या घरून केला. पाणी आमच्या दारापर्यंत आलेच नव्हते. मी हसलो नाही. "बहुत अच्छा किया अम्मी," एवढेच म्हणालो.

तुमच्याही घरी असेच होवो. जयहिंद, जय महाराष्ट्र.