सही नको, काम द्या

(रेडिओवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतली एक मुलगी संध्याकाळी घरी आली. मराठी विषय घेऊन एम. ए. करते आहे. हातात महाविद्यालयानं दिलेला छापील नमुना होता. म्हणाली, ‘‘चाचा, तुमच्या ओळखीत छापखानेवाले आहेत ना? ह्याच्यावर सही-शिक्का मिळेल का? १२० तास काम केलं, असं लिहून हवंय.’’

मी विचारलं, ‘‘आणि काम?’’

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘काम कोण देणार चाचा? वर्गातल्या बऱ्याच जणांनी मामाच्या नाहीतर काकाच्या दुकानाचा शिक्का आणलाय. मला तसा कुणी मामा नाही.’’

श्रोतेहो, ‘मला मामा नाही’ हे वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून आज त्याविषयीच बोलायचं आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण आलं. मुलं त्याला ‘ओजेटी’ म्हणतात, ऑन जॉब ट्रेनिंग. एका श्रेयांकाला ३० तास, असे ४ श्रेयांकांचे १२० तास. पूर्वी हे भाग्य इंजिनिअरिंग, एमबीए, फार्मसीवाल्यांचं होतं. आता मराठी, इतिहास, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांच्याही वाट्याला ते आलं आहे. हेतू उत्तम आहे. विद्यापीठ आणि उद्योग यांच्यामध्ये पूल बांधायचा, आणि त्या पुलावरून विद्यार्थ्यानं ये-जा करायची. पण पूल कागदाचा असेल तर त्यावरून कोण चालणार?

मी साधा बी. ए. झालेला माणूस. विद्यापीठांना सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. पण माझं खरं शिक्षण जिथं झालं, त्या जागेविषयी मला बोलता येईल.

१९९० च्या सुमारास मी बी. ए. ला होतो आणि भद्रकालीतल्या एका छापखान्यात अर्धवेळ प्रुफं तपासत होतो. तेव्हा तिथं खिळ्यांची जुळणी होती, ट्रेडल मशीन होतं. तिथले कंपोझिटर काका सातवीपर्यंत शिकलेले. समोरच्या केसमधून न बघता खिळे उचलत आणि स्टिकमध्ये उलटी ओळ सुलट वाचत. ऱ्हस्व-दीर्घाच्या माझ्या चुका त्यांनीच काढल्या.

एकदा सातपूरच्या एका कारखान्याची कामगारांसाठीची पुस्तिका छापायला आली. विषय होता यंत्रावरची सुरक्षितता. त्यात एक वाक्य होतं: ‘यंत्र कार्यान्वित करण्यापूर्वी संरक्षक आवरणाच्या सुस्थितीची सुनिश्चिती करण्यात यावी.’ मला त्यात काही वावगं दिसलं नाही. शुद्धलेखन बरोबर होतं. मी प्रूफ पुढे सरकवलं. काकांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ‘‘पोरा, हे वाचून होईपर्यंत बोट जाईल.’’

मग त्यांनीच वाक्य सांगितलं: ‘जाळी नीट बसली आहे का पाहा. मगच मशीन चालू करा.’

मालकांनी भीतभीत ते कारखान्याला कळवलं. कारखान्यातून एक साहेब आले. त्यांनी आम्हा दोघांना बसवून सगळी पुस्तिका वाचून घेतली. काही वाक्यं बदलली, काही तशीच राहिली. पण भाषा कुणासाठी लिहायची असते, हे मला त्या दुपारी समजलं. पुढे कविता लिहिताना एखादा जड शब्द आला, की काकांचा तो कपाळावरचा चष्मा आठवतो.

आता ह्याची दुसरी बाजू. त्या वर्षी माझी हजेरी कमी भरली. सरांपुढे उभा राहिलो आणि खरं सांगितलं, छापखान्यात होतो. सर म्हणाले, ‘‘मग पदवीही छापखान्यातूनच घे.’’ वर्ग हसला. मीही हसलो. सर वाईट नव्हते. पण वर्गाबाहेर जे घडतं तेही शिक्षण असू शकतं, हे मोजायला त्यांच्याकडे रकाना नव्हता. आज रकाना आहे. आणि आज भीती अशी, की फक्त रकानाच राहील.

हा विचार आपल्या मातीला नवा आहे का? मुळीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्याआधी ते ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकत फिरत होते. किर्लोस्करांचे नांगरही त्यांनी विकले. कारखाना म्हणजे काय आणि घाम म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी छत्रपती शाहूंच्या नावाचं वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली आणि हातांनी कामं करून शिकली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द तिथले. आजही पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्या नावानं ही योजना चालते. त्या मुलांनाही कुणी मामा नव्हता. कर्मवीरच त्यांचे मामा झाले. संस्थेनं विद्यार्थ्याचा मामा व्हायचं असतं, हाच त्यातला धडा.

दूरचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकांनी इंजिनिअरिंगच्या २७ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एक आठवडा वर्गात, पुढचा आठवडा कारखान्यात. जग त्याला सहकारी शिक्षण म्हणून ओळखतं. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलं कारखान्यात काय करतात हे पाहायला त्यांनी शिक्षक नेमले. ते कामाच्या जागी जात आणि तिथं दिसलेलं वर्गात आणून त्यावर बोलत. मुलं तिकडे गेली, तसे मास्तरही गेले. आपल्याकडे बिट्स पिलानीनं १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालवलं, त्याच्याही मुळाशी हीच कल्पना आहे.

कायदाही आपल्याकडे जुना आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. इतर पदवीधरांसाठी दार उघडायला मात्र २०१४ उजाडलं. आयटीआयच्या मुलाला ‘अप्रेंटिस’ हा शब्द पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. बी. ए. च्या मुलाला तो आत्ता कुठे ऐकू येतो आहे.

आणि आपलं नाशिक! सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथं कारखाने. ओझरला विमानं तयार होतात, नाशिकरोडला नोटा छापल्या जातात. निफाड-दिंडोरीत द्राक्षं, पॅकहाउस, वायनरी. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच शहरात आहे. दिवसभर काम करणाऱ्या माणसाच्या दारात त्यानं शिक्षण नेलं. कामगार विद्यापीठात पोहोचला. आता नेहमीच्या महाविद्यालयातल्या मुलांनी कामापर्यंत पोहोचायचं आहे, एवढंच.

कुणी विचारेल, मराठीच्या विद्यार्थ्याला कारखान्यात काय काम? मी म्हणतो, भिंतीवरच्या पाट्या वाचा. काही इंग्रजीत असतात, काही आमच्या त्या पुस्तिकेच्या मराठीत. मराठीच्या दोन मुलांना महिनाभर कामगारांशी बोलून त्या पाट्या पुन्हा लिहू द्या. इतिहासाच्या मुलीला कारखान्याच्या जुन्या कागदांची नीट यादी करू द्या. अर्थशास्त्राच्या मुलाला पॅकहाउसमध्ये माल कुठे आणि का नाकारला जातो, याची नोंद ठेवू द्या. ही कामं खरी आहेत, कुणाला तरी हवी आहेत.

उद्योजकांची बाजूही ऐकली पाहिजे. माझे एक मित्र अंबडला लहानसं वर्कशॉप चालवतात. ते म्हणतात, ‘‘१२० तासांत मुलाला दरवाजा आणि संडास कुठे आहे एवढंच कळतं. शिकवायला माझा माणूस अडकतो. शिकलं की मुलगा जातो.’’ ह्यात खोटं काही नाही. म्हणूनच दरवर्षी नवा करार आणि हार-तुऱ्यांचा फोटो ह्यापेक्षा एकाच महाविद्यालयाशी चार-पाच वर्षांचं नातं बरं. पहिल्या तुकडीला शिकवायला जेवढा वेळ जातो, तेवढा तिसरीला जात नाही. तोवर काय शिकवायचं हे ठरलेलं असतं, आणि आधी येऊन गेलेली मुलं नव्यांना सांगतात. शिवाय १२० तास ही तर सुरुवात आहे. पदवीतच शिकाऊ उमेदवारी गुंफता यावी म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्यांचं जमेल त्यांनी तिथवर जावं.

मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, कामाची जागा महाविद्यालयानं शोधावी. विद्यार्थ्याला ‘तू शोध’ म्हटलं, की ज्याचा मामा त्याचं काम. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मुलानं कुणाचं दार वाजवायचं? आणि काही नावांना, काही आडनावांना दार जरा उशिरा उघडतं, हे आपण सगळे जाणतो. महाविद्यालयाचं पत्र पुढे असेल तर तो उशीर कमी होतो.

दुसरी, दोन्हीकडे एकेक जबाबदार माणूस हवा. कारखान्यात शिकवणारा एक, महाविद्यालयात विचारणारा एक. काय काम द्यायचं आणि त्यातून काय शिकायचं, हे एका पानावर आधीच लिहिलेलं असावं. फुकटचा हात मिळाला म्हणून मुलाला चहा आणायला पाठवायचं नाही. शिकवल्याशिवाय मशीनजवळ उभं करायचं नाही. आणि निदान बसभाडं आणि दुपारचं जेवण तरी द्यायचं.

तिसरी, शिक्षकानं दोनदा तरी तिथं प्रत्यक्ष जावं. फोन करून नव्हे. उद्योगाला विद्यापीठाशी जे बोलायचं असतं, ते परिसंवादात बोललं जात नाही. ते मुलाच्या चुकीवर बोट ठेवताना बोललं जातं. ते ऐकायला मास्तर तिथं हवा.

आता त्या मुलीचं काय झालं ते सांगतो. मी तिला घेऊन एका मित्राच्या छापखान्यात गेलो. आता तिथं खिळे नाहीत, संगणक आहेत. मित्र दिलदार. म्हणाला, ‘‘सही आत्ताच करतो, उगाच उन्हात कशाला यायचं?’’ खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं, बरं झालं, मिटलं. मामा मिळाला! पण तीच म्हणाली, ‘‘सही नको, काम द्या.’’

पहिले दोन दिवस ती नुसती बसून होती. कुणाला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मागून घेतला आणि वाचायला बसली. एकाच संचालकाचं आडनाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी छापलं होतं. ते दाखवल्यावर तिला खुर्ची मिळाली. मग तिला कळलं, की ती मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करते आणि इथं काम चालतं श्रीलिपीत. एकातून दुसऱ्यात मजकूर नेला की जोडाक्षरं फुटतात. प्रूफाच्या खुणा तर तिनं पाहिल्याच नव्हत्या. मराठीत एम. ए. करणाऱ्या मुलीला! पण त्यात तिचा दोष काय?

१२० तास भरले. तिच्या महाविद्यालयातून कुणी आलं नाही. शिक्का कुठे आहे एवढं पाहून कागद फायलीत गेला. गंमत पुढे आहे. महिन्याभरानं मित्राचा मला फोन आला. म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी अशीच एक मुलगी पाठव. पण एक अट आहे.’’

मी म्हटलं, ‘‘कोणती?’’

‘‘तिच्याबरोबर तिच्या सरांना पाठव. मला त्यांच्याशी बोलायचंय. ह्या मुलांना प्रूफाच्या खुणा का शिकवत नाहीत ते विचारायचंय. वाटल्यास मी येतो वर्गात शिकवायला, पैसे नकोत.’’

श्रोतेहो, उद्योग आणि विद्यापीठ यांची भागीदारी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? एक छापखानेवाला वर्गात यायला तयार झाला आहे. मी त्याचा निरोप महाविद्यालयात पोहोचवला आहे. आता मास्तरांनी एक दुपार काढून छापखान्याचा जिना चढायचा आहे.