पॉलिएस्टरची गाठ आणि विकरांची किमया

सुती धोतर विरले म्हणजे त्याची फडकी होतात आणि अखेर त्या फडक्यांची माती होते. टेरिलीनच्या सदऱ्याची माती होत नाही. न चुरगळणे, न कुजणे, वर्षानुवर्षे टिकणे हे या कापडाचे गुण. परंतु सदरा टाकून दिला की तेच गुण दोष ठरतात.

१९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी हा पॉलिएस्टर धागा शोधून काढला. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे रेणू एकाआड एक गुंफून त्याची लांबच लांब साखळी बनते. त्यांना जोडणाऱ्या दुव्यास एस्टर बंध म्हणतात. हा बंध निसर्गाला अपरिचित नाही. पानांवरील चिवट पापुद्र्यातील क्युटिन हा पदार्थ अशाच बंधांनी बांधलेला असतो, आणि पाने कुजविणाऱ्या बुरशी व जिवाणू ते बंध तोडणारी विकरे स्रवतात.

विकर म्हणजे सजीवांच्या देहातील रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारे प्रथिन. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला असता गोड लागतो, ते लाळेतील विकराचे कार्य. सुतावरील खळ काढण्यासाठी कापडगिरण्याही विकरे वापरतात.

पॉलिएस्टरवर विकरांचा उपयोग दोन प्रकारे होऊ शकतो. पहिला पृष्ठभागापुरता. वरवरचे थोडे बंध तुटले की तेथे पाण्याशी सख्य असलेली टोके उघडी पडतात. कापड ओलावा अधिक धरते आणि घाम टिपते. कॉस्टिक सोड्यानेही हे साधते. परंतु त्यात धागा झिजतो आणि कापडाचे वजन घटते. विकराचा रेणू आकाराने मोठा असल्याने घट्ट धाग्याच्या अंतरंगात शिरू शकत नाही व धाग्याचे बळ बहुतांशी शाबूत राहते.

दुसरा उपयोग धागा समूळ उकलण्याचा. येथे मात्र तोच घट्टपणा आड येतो. धागा ताणून काढताना साखळ्या शिस्तीने शेजारी शेजारी बसतात आणि विकराला वाट मिळत नाही. २०१६ साली जपानी संशोधकांनी साकाई येथील बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्रातील एका जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. सैल रचनेचा पातळ पापुद्रा खाण्यास त्याला ३० अंश उष्णतेत सुमारे सहा आठवडे लागले. जपानमध्येच पालापाचोळ्याच्या खतात दुसरे एक विकर सापडले होते. फ्रान्समधील संशोधकांनी त्याच्या रचनेत फेरफार केले आणि २०२० साली ७२ अंश सेल्सियसला, दहा तासांत, बाटल्यांच्या पॉलिएस्टरपैकी किमान ९० टक्के भाग मूळ घटकांत परत आणून दाखविला. एवढ्या उष्णतेत साखळ्या सैल होतात, आणि त्या विकराला ती उष्णता सोसते. तथापि तो माल आधी वितळवून, झटपट थंड करून, दळून घ्यावा लागला होता.

सारांश, उकिरड्यावर विकर शिंपडून कपड्यांची विल्हेवाट लागणार नाही. कपड्यात रंग असतात, गुंड्या असतात, टेरिकॉटमध्ये कापूसही असतो. कापसासाठी निराळे विकर लागते. ते त्याची साखर करते. घटक शुद्ध स्वरूपात हाती आले, तरच त्यांतून पुन्हा नवा धागा निघतो आणि तेवढे खनिज तेल वाचते. म्हणूनच कापड विणतानाच ते पुढे उकलावयाचे कसे याचा विचार झाला पाहिजे. गाठ मारणाऱ्यानेच ती सुटण्याजोगी मारली, तर विकरांचे काम निम्मे हलके होईल.