लोकांची नजर आणि आपले कपडे

(शाळेच्या मराठी मंडळात एका शिक्षिकेने केलेले भाषण)



आरशासमोर उभे राहून 'आज काय घालू?' असे आपण म्हणतो, तेव्हा मनात खरा प्रश्न वेगळाच असतो. तो म्हणजे 'लोक काय म्हणतील?' मुलींना तर हा प्रश्न रोजच पडतो. मलाही तो पडत असे.

मी तुमच्याएवढी असताना गणेशचतुर्थीला आजीबरोबर बसने देवळात निघाले होते. आजी साडी नेसली होती. माझी साडी मात्र मी पिशवीत लपवली होती; देवळात पोहोचल्यावर नेसायची, असे ठरवले होते. थांब्यावर वर्गातल्या दोन मैत्रिणी दिसल्या. त्यांना पाहताच मी आजीपासून दूर जाऊन उभी राहिले. आजी काहीच बोलली नाही.

पुढच्या रविवारी मी जीन्स घालून आत्याकडे गेले. तिथे शेजारच्या बायका कुजबुजू लागल्या. आता मला जीन्सची लाज वाटली. कपडे दोन, पण लाज एकच!

रात्री मी विचारले, "आजी, तुला कधी कपड्यांची लाज वाटली नाही का गं?"

आजी म्हणाली, "अगं, उसाच्या मळ्यात जाताना मी साडीवर तुझ्या आजोबांचा जुना शर्ट घालायची. उसाची पाती हात कापते. बाईचा हात की बाप्याचा, ते तिला कळत नाही. संध्याकाळी हातपाय धुऊन, साडी बदलून देवापुढे दिवा लावायची. दोन्ही कपडे माझेच होते. लाज कशाची? पण परवा तू लांब उभी राहिलीस, ते मात्र मला लागलं."

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मित्रांनो, कपडे काळाबरोबर बदलतात. कोलकात्याच्या ज्ञानदानंदिनीदेवी टागोर १८६० च्या दशकात मुंबईत राहिल्या. तेथील पारशी स्त्रियांचे पाहून त्यांनी साडी नेसण्याची नवी पद्धत घेतली. परकर-पोलक्यावर साडी नेसण्याची चाल पुढे सगळीकडे पसरली. आज जिला आपण 'जुनी रीत' म्हणतो, तीही एकेकाळी नवीच होती.

आपल्या मॉरिशसमध्येही १९७० च्या कायद्यानंतर निर्यातीचे कपडे शिवणारे कारखाने वाढले. तिथे काम करणाऱ्यांत स्त्रियाच अधिक होत्या. माझी आईही त्यांतलीच. परदेशी जाणारे शर्ट शिवून मिळालेल्या पगारातून तिने स्वतःसाठी पहिला स्कर्ट घेतला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि मुली मोठ्या संख्येने शाळेत येऊ लागल्या. काम बदलले, शिक्षण आले, तसा पोशाखही बदलला.

म्हणून मुलींनो, साडी नेसा किंवा जीन्स घाला. पण भीतीने नको. काम कोणते, प्रसंग कोणता आणि आपल्याला त्यात मोकळे वाटते का, एवढे पाहा. आणि मुलांनो, कोणाच्या कपड्यांना हसू नका. तुमच्या एका हसण्याने एखादी मुलगी आपल्या आजीपासून दूर उभी राहते.

पुढच्या गणेशचतुर्थीला मी घरूनच साडी नेसून निघाले. निऱ्या आजीने घालून दिल्या. थांब्यावर मैत्रिणी होत्याच. मी आजीचा हात धरला आणि म्हणाले, "ही माझी आजी."